‘पुन्हा नांदायला लावतील का?’ आणि कौटुंबिक मध्यस्थीबद्दलचे इतर नेहमीचे प्रश्न

नवरा-बायको वेगळे राहू लागले की घटस्फोट मिळेल तेव्हा मिळेल, पण काही प्रश्न त्याच आठवड्यात दारात येतात. मूल कुणाकडे राहणार, शाळेची फी कोण भरणार, दागिने कुणाच्या लॉकरमध्ये आहेत, घराचा हप्ता कुणाच्या खात्यातून जाणार. हे प्रश्न न्यायाधीशांनी सोडवायचे की दोघांनी तिसऱ्या तटस्थ माणसासमोर बसून, एवढाच मध्यस्थीचा विषय आहे. खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांतली पद्धत डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तुमचे कागद पाहिलेल्या वकिलाचा सल्ला त्याशिवाय घ्यावाच.

मध्यस्थीला गेलं की पुन्हा नांदायला लावतात का?

नाही. ही भीती मात्र कुठून येते ते समजण्यासारखं आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम ९ नुसार न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, म्हणून दावा दाखल झाला की पक्षकारांना विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. तिथे ‘एकत्र राहण्याची काही शक्यता आहे का?’ हे विचारलं जातंच. ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्याची कारणं पटवून देण्याची परीक्षा नसते. मध्यस्थ त्यापुढचं काम करतो: एकत्र राहायचं नसेल तर वेगळं कसं व्हायचं? पुन्हा नांदण्यावर संपणाऱ्या मध्यस्थ्याही असतात, पण ते दोघांनी ठरवलं तरच.

घरच्यांनी दोनदा बैठक बसवली, काही झालं नाही. मग यात वेगळं काय?

घरच्या बैठकीत मामा, काका, लग्न जमवणारे आणि एखादे गावातले वजनदार गृहस्थ असतात. प्रत्येकाची बाजू आधीच ठरलेली असते आणि जो मोठ्याने बोलतो त्याचं चालतं. बहुतेक बैठका ‘चुकलं कुणाचं’ या एका प्रश्नावर रात्री अकरापर्यंत चालतात आणि शेवटी मुलीला ‘थोडं सांभाळून घे’ असं सांगून उठतात. तिथे ठरलेलं कुणी लिहून ठेवत नाही. लिहिलंच तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘आमचा काडीमोड झाला आहे’ असं नोटरीसमोर लिहिलं जातं. हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न अशा कागदाने मोडत नाही. जिथे रूढीने चालत आलेला काडीमोड आहे तिथे ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही.

मध्यस्थीत नातेवाईक बाहेर बाकावर बसतात. आत तुम्ही दोघं, मध्यस्थ आणि हवं तर वकील. चूक कुणाची हे तिथे ठरत नाही, त्यामुळे भांडणाचा निम्मा दारूगोळा बाहेरच राहतो. काही जणांना हेच आवडत नाही. आपलं बरोबर होतं असं कुणीतरी अधिकृतपणे म्हणावं, अशी त्यांची अपेक्षा असते. ती अपेक्षा घेऊन आलात तर निराश व्हाल.

मध्यस्थ कोण असतो? तो निकाल देतो का?

निकाल देत नाही, आणि कुणी देऊ लागला तर त्याला थांबवा. न्यायालयाच्या केंद्रातले मध्यस्थ सहसा अनुभवी वकील किंवा न्यायाधीश असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीने ठरवलेलं ४० तासांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलेलं असतं. तो तुमचा वकील नसतो. रक्कम कमी आहे की जास्त, हे तो सांगणार नाही. ते आपलं आपल्याला कळावं लागतं.

अजून केस टाकलेली नाही. तरी जाता येईल?

येईल. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साधा अर्ज देऊन दाव्याआधीची मध्यस्थी मागता येते. ते समोरच्याला पत्र पाठवतात. मला विचाराल तर हीच वेळ सगळ्यात चांगली, कारण अजून एकमेकांविरुद्ध आरोपांची वीस पानं लिहिली गेलेली नसतात. दावा दाखल झाला आणि ‘ती घरात कधीच काम करत नव्हती’, ‘तो दारू पिऊन यायचा’ हे छापून हातात पडलं की पुढची प्रत्येक बैठक त्या पानांवरून सुरू होते.

घटस्फोट मात्र न्यायालयच देतं. प्राधिकरणात अटी ठरू शकतात, लग्न तिथे संपत नाही.

पैसे किती लागतात?

न्यायालयाशी जोडलेल्या केंद्रात मध्यस्थाची फी तुम्हाला द्यावी लागत नाही. खासगी मध्यस्थ फी घेतात, ती आधी ठरवून अर्धी-अर्धी वाटून घ्यावी. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१००.

समोरासमोर बसायची माझी तयारी नाही.

तसं आधीच सांगा. मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलू शकतो, आणि वेगळ्या बैठकीत सांगितलेलं तुमच्या परवानगीशिवाय पलीकडे नेत नाही. एक जण परगावी असेल तर व्हिडिओ कॉलवर बैठक होते. तेव्हा पलीकडे कॅमेऱ्याबाहेर कोण बसलंय हे विचारून घ्यायला लाजू नका. सासूबाई शेजारून चिठ्ठ्या देतात, हा प्रकार नवा नाही.

मारहाण होत होती. तरीही मध्यस्थीला बसावं का?

इथे घाई नको. मध्यस्थी दोघांनी मोकळेपणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येण्यावर उभी असते. ज्याच्या नुसत्या खोकण्याने तुम्ही गप्प होता, त्याच्यासमोर तुम्ही दिलेल्या होकाराला अर्थ नाही. आधी सुरक्षितता. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ खाली दंडाधिकारी संरक्षणाचा आदेश (कलम १८) आणि राहत्या घरातून न काढण्याचा आदेश (कलम १९) देऊ शकतात. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतो. तातडीच्या वेळी ११२, आणि महिलांसाठी १८१. अनेक शहरांत पोलिसांचा भरोसा सेल, म्हणजे महिला व मुलांच्या तक्रारींसाठीचा मदत कक्ष, आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्षही राज्यात बऱ्याच ठिकाणी चालतात.

संरक्षण मिळाल्यावर, वकील सोबत घेऊन, वेगळ्या खोलीत बसून पैसे आणि मुलांपुरती मध्यस्थी करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्यात चूक काही नाही. पण ‘मध्यस्थी चालू आहे, तोवर तक्रार मागे घ्या’ असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. चर्चेला बसण्यासाठी आदेश सोडावा लागत नाही. बैठकीत कोणत्याही क्षणी उठून जाता येतं, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही.

४९८-अ ची केस चालू आहे. ती मध्यस्थीने मिटते का?

नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी बायकोचा छळ करण्याबद्दलचं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं हे कलम आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे, पण बोलताना सगळे ४९८-अ च म्हणतात. हा गुन्हा आपसात मिटवता येणाऱ्यांपैकी नाही, त्यामुळे तुम्ही दोघांनी सही केली म्हणून खटला संपत नाही. तडजोड झाल्यावर उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये बी. एस. जोशी प्रकरणात हा मार्ग मान्य केला. पुढे २०१३ च्या के. श्रीनिवास राव निकालात अशा प्रकरणांतही तडजोडीची शक्यता दिसली आणि पक्षकार तयार असले तर मध्यस्थीकडे पाठवावं असं सांगितलं, मात्र कलमाची धार बोथट न करता.

व्यवहारात याचा परिणाम पैशांच्या हप्त्यांवर होतो. एकरकमी पोटगी ठरली की ती बहुधा तीन टप्प्यांत देतात: काही रक्कम संमतीच्या अर्जाच्या वेळी, काही घटस्फोटाच्या अंतिम तारखेला आणि शेवटची उच्च न्यायालयात खटला रद्द होताना. प्रत्येक वेळी डिमांड ड्राफ्ट. त्याला भीती असते की पैसे घेऊन ती खटला मागे घेणार नाही, तिला भीती असते की खटला गेला की तो पैसे बुडवेल. हप्ते या दोन भीतींच्या मध्ये बसवलेले असतात.

तिथे बोललेलं उद्या कोर्टात माझ्याविरुद्ध वापरतील?

वापरता येत नाही. मध्यस्थीतली चर्चा गोपनीय असते. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मध्यस्थाने न्यायालयाला एक तर सह्या झालेला करार पाठवायचा, नाही तर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढंच एक वाक्य. कोण काय म्हणालं, कुणी किती रकमेवर अडून बसलं, हे अहवालात येत नाही. मोबाइलवर गुपचूप रेकॉर्डिंग करणारे भेटतात. ते करू नये, आणि समोरचा करत असेल तर मध्यस्थाला तिथेच सांगावं.

मुलांचा ताबा कसा ठरतो?

कायद्याचा गाभा एका वाक्यात आहे: मुलाचं हित सर्वांत वरचं. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असतं. त्यापुढे ठरलेलं गणित नाही. ‘मुलगा सात वर्षांचा झाला, आता तो आपोआप बापाकडे’ हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे.

मध्यस्थीत ‘ताबा’ या शब्दावर अडून बसण्यापेक्षा आठवडा कागदावर मांडावा, असं मी नेहमी सुचवते. करारात ‘वडिलांना मुलीला वाजवी वेळा भेटता येईल’ असं लिहिलं की तीन महिन्यांत भांडण ठरलेलं. वाजवी म्हणजे किती? त्याऐवजी असं लिहा: ‘दर महिन्याच्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी दहा वाजता वडील मुलीला आईच्या इमारतीच्या फाटकापासून घेतील आणि रविवारी संध्याकाळी सहा वाजता तिथेच सोडतील. त्या शनिवारी शाळेची परीक्षा असल्यास पुढचा शनिवार. उशीर होणार असल्यास एक तास आधी मेसेज.’ वाचायला कंटाळवाणं आहे, पण असे करार टिकतात.

मग सुट्ट्या. दिवाळीची सुट्टी यंदा पहिला आठवडा आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे. गणपतीत मुलगा गावी जाणार का? मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, पण क्रिकेटच्या शिबिराची फी कोण भरणार? वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर? आजी-आजोबांना भेटायचं ते कुणाच्या वेळेत? रोजच्या फोनची वेळ कुठली? सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात प्रत्यक्ष भेटींबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलवरून संपर्काचा हक्कही महत्त्वाचा मानला आहे, त्यामुळे तो करारात आग्रहाने मागता येतो.

शाळेच्या रजिस्टरमध्ये दोघांचे मोबाइल क्रमांक राहतील, प्रगतिपुस्तक दोघांना दिसेल, आजारपणात निर्णय कोण घेईल, पासपोर्ट आणि परदेशप्रवासाची संमती कशी द्यायची, हेही लिहून घ्या. मुलाचं मूळ आधार कार्ड आणि जन्मदाखला कुणाकडे राहणार, यावरून झालेली रडारड दागिन्यांवरच्या भांडणापेक्षा कमी नसते.

मुलांबाबतच्या अटी कायमच्या दगडावर कोरलेल्या नसतात. परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ खाली त्या बदलून मागता येतात. तीन वर्षांच्या मुलासाठी लिहिलेलं वेळापत्रक तेरा वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही, हे दोघांनीही आधीच मान्य केलेलं बरं.

मुलाला मध्यस्थीत बोलावतात का?

क्वचित. मोठ्या मुलाचं मत समुपदेशक किंवा न्यायाधीश एकट्यात ऐकतात. येताना रिक्षात ‘काय सांगायचं’ ते पढवू नका. अनुभवी माणसाला ते दोन मिनिटांत कळतं.

त्याचा खरा पगार मला माहीतच नाही. पोटगीची बोलणी कशी करू?

आकडे समोर आल्याशिवाय करूच नका. रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये असं ठरवलं की पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. दाव्याआधी बोलणी करत असाल तरी त्याच नमुन्यातली माहिती दोन्ही बाजूंनी मागा: पगारपत्रकं, आयकर विवरणपत्र, बँकेची खातेपत्रकं, भविष्य निर्वाह निधी, विमा, शेतीचा सातबारा. धंदा असेल तर जीएसटीची विवरणपत्रं. ‘माझा विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं, तर विश्वास असता तर आपण इथे नसतो, एवढं म्हणून कागदांची यादी पुढे सरकवावी.

एकरकमी घ्यावी की दरमहा, याचं एकच उत्तर नाही. ज्याची नोकरी पक्की त्याच्याकडून दरमहा वसूल करता येते. ज्याचा धंदा वरखाली होतो किंवा जो देशाबाहेर जाणार आहे, त्याच्याकडून एकरकमी घेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. दरमहा ठरवलीत तर वर्षाला किती टक्के वाढणार ते लिहा, नाही तर दहा वर्षांनीही तोच आकडा राहील.

आणि एक: आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही. ‘मुलासाठीही यापुढे काही मागणार नाही’ अशी ओळ कुणी घातली तर ती काढायला लावा.

दागिने आणि सामान?

स्त्रीधन बाईचं. १९८५ च्या प्रतिभा राणी प्रकरणापासून याबद्दल शंका नाही. वाद असतो तो काय दिलं होतं आणि आता कुठे आहे याचा. लग्नाचे फोटो घेऊन बसा आणि वस्तूनिहाय यादी करा: मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, ठुशी, प्रत्येकासमोर अंदाजे वजन, कुणी दिलं, सध्या कुणाकडे. पावत्या माहेरी मिळतात, वडिलांच्या कपाटात शोधा. परत करताना मध्यस्थासमोर वजन करून पोच लिहून घ्यावी.

फ्रिज, सोफा, मिक्सर यांवर दोन बैठका घालवणारी जोडपी असतात. तेवढ्या वेळाच्या वकिलाच्या फीत नवा मिक्सर येतो. पण कधी कधी मिक्सर हा मिक्सर नसतो, तिने पहिल्या पगारातून घेतलेला असतो. म्हणून मध्यस्थ लगेच हसत नाही.

घर दोघांच्या नावावर आहे आणि कर्ज चालू आहे.

करारात ‘यापुढे हप्ते नवरा भरेल’ असं लिहिलं तरी बँकेला ते बंधनकारक नाही. कर्जावर तुमची सही आहे तोवर हप्ता थकला की नोटीस तुम्हालाही येणार आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, तुमचाही बिघडणार. म्हणून सही करण्याआधी बँकेत जाऊन एकाचं नाव कर्जातून कमी करता येतं का, ते लेखी विचारा. नाही म्हणाले तर घर विकून कर्ज फेडणं, हा कटू पण स्वच्छ मार्ग उरतो. हक्कसोडपत्र, त्याची नोंदणी आणि मुद्रांक शुल्क कोण भरणार, सोसायटीच्या भाग दाखल्यावरचं नाव कधी बदलणार, हेही करारातच यावं. विमा आणि भविष्य निर्वाह निधीतलं नामनिर्देशन बदलायला लोक हमखास विसरतात.

सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट झाला का?

नाही. करारानंतर संमतीने घटस्फोटाचा अर्ज करावा लागतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३-ब नुसार अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात हे सहा महिने योग्य प्रकरणी माफ करता येतात असं ठरवलं. बराच काळ वेगळं राहणं झालेलं आहे, समेटाचे प्रयत्न फसले आहेत आणि पोटगी-ताबा सगळं मिटलेलं आहे, हे तिथे पाहिलं जातं. म्हणजे मध्यस्थीतला नीट करार इथेही कामाला येतो. विशेष विवाह अधिनियमाखाली लग्न झालं असेल तर कलम २८, ख्रिस्ती विवाहासाठी १०-अ, पारशी विवाहासाठी ३२-ब. मुस्लिम जोडप्यांसाठी परस्परसंमतीचा मुबारात हा मार्ग आहे.

सही केल्यावर माझं मन बदललं तर?

घटस्फोटाची संमती अंतिम हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा शेवटचा निर्णय, होईपर्यंत मागे घेता येते, हे १९९१ च्या सुरेश्ता देवी निकालापासून चालत आलं आहे. पण करारानुसार पैसे घेतले, लॉकरमधले दागिने उचलले आणि मग पाठ फिरवली, तर न्यायालय ते हलक्यात घेत नाही. घेतलेलं परत करायला लागू शकतं. हुकूमनामा झाल्यानंतर मात्र दार जवळजवळ बंद होतं. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १९ नुसार अपील नाही. म्हणून मसुदा घरी नेऊन एक रात्र ठेवा. ‘आजच सही झाली पाहिजे’ असा आग्रह कुणी धरला, अगदी तुमच्या वकिलाने धरला, तरी मसुदा घरी न्यायला मागा.

आमचं लग्न झालेलं नव्हतं, एकत्र राहत होतो.

मुलाचा खर्च, भेटी, सामान आणि घर यांची मध्यस्थी तशीच होते. नातं लग्नासारखं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षणही मिळू शकतं.

समोरचा येतच नाही.

जबरदस्तीने मध्यस्थी होत नाही. दोन-तीन तारखा गेल्या की मध्यस्थ ‘अयशस्वी’ असं कळवतो आणि दावा जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. तोवर अंतरिम पोटगीचा अर्ज मात्र थांबवून ठेवू नका.

वकील सोबत न्यावा का?

मसुदा तपासायला तरी हवाच. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा आपोआप हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते, पण ती सहसा मिळते. मध्यस्थीच्या खोलीत शांत बसणारा वकील निवडा. वाद घालणाऱ्याचं तिथे काम नसतं.

करार पाळला नाही तर काय करायचं?

खासगी मध्यस्थीतला किंवा दाव्याआधीचा करार असेल तर तो नुसता घरात ठेवू नका. न्यायालयात दाखल करून त्यावर आदेश घ्या. २०२३ चा मध्यस्थी कायदा आला आहे, पण त्यातली कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने हातात आदेश असलेला बरा. हुकूमनामा असेल तर त्याच न्यायालयात दरखास्त लावता येते, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज. त्यात पगारातून कपात किंवा मालमत्तेची जप्ती मागता येते. मुलाला भेटू देत नसतील तर ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी जाऊन आल्याची नोंद ठेवा, तारीख, वेळ आणि मेसेज जपून. पोटगीचा आदेश जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालचा, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा असेल, तर थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘देईल, देईल’ म्हणत अठरा महिने थांबलात, तर पहिले सहा महिने या मार्गाने हातचे जातात.